शेळ्यांच्या गटात राखणीचा कुत्राही हवा

शेळीपालनाला चालना देण्यासाठी शासन अनुदानावर जो गट देते, त्याची रचना ठरलेली आहे: दहा शेळ्या आणि एक बोकड. मेंढपाळांसाठी असलेल्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत वीस मेंढ्या आणि एक नर मेंढा असा हिशेब असून त्यावर ७५ टक्के अनुदान मिळते. जनावरांची जात, वय, विमा, चारा यांचा विचार अशा योजनांमध्ये या ना त्या स्वरूपात होतो. ही जनावरे रानाच्या कडेला चरायला जाणार आहेत आणि त्या रानात बिबट्या आहे, हे ठाऊक असूनही त्यांच्या राखणीसाठी मात्र गटात काहीच ठेवलेले नसते. एका अंगाला महानगर आणि दुसऱ्या अंगाला सह्याद्री असलेल्या ठाणे जिल्ह्यात हा गट बदलला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. शेळ्यांमध्येच लहानाचे मोठे झालेले राखणीचे दोन कुत्रे आणि रात्रीसाठी पक्का गोठा यांचा त्यात समावेश व्हावा, आणि त्यांच्यावरचा खर्च हा नुकसानभरपाईइतकाच सार्वजनिक खर्च मानला जावा.

ठाण्यात बिबट्याचा विषय निघाला की बोलणे शहराला लागून असलेल्या येऊरच्या जंगलापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या शंभर चौरस किलोमीटरहून थोड्या अधिक जंगलात बिबट्यांची दाट वस्ती आहे, घोडबंदर रस्त्यावरच्या इमारती त्या जंगलाला भिडल्या आहेत, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये कोरम मॉलच्या आवारात शिरलेल्या बिबट्याची चित्रे शहराने दिवसभर पाहिली आहेत. परंतु या शहरी बातमीमुळे जिल्ह्याचा मोठा भाग नजरेआड होतो. पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या एका नर बिबट्याला २००९ मध्ये गळ्यात जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटाच्या परिसरात सोडण्यात आले होते. संशोधकांनी त्याचे नाव ‘आजोबा’ ठेवले. हा बिबट्या महिन्याभरात सुमारे १२० किलोमीटर चालत, मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडून, थेट संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला. वाटेत त्याने कोणा माणसाला इजा केली नाही. माळशेज ते येऊर हा पट्टा बिबट्याच्या पायाखालचा आहे, हे त्या एका प्रवासाने नकाशावर उमटवून दाखवले. याच पट्ट्यात मुरबाड आहे, शहापूर आहे, तानसा अभयारण्याच्या कडेचे पाडे आहेत, आणि ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी कुटुंबांच्या दारात बांधलेल्या चार-सहा शेळ्या आहेत. पावसाळ्याचे पीक घरी खाण्यापुरते, उन्हाळ्यात वीटभट्टीवर मजुरी, आणि अडीनडीला विकायला शेळी, असे ज्या घराचे अर्थकारण आहे, त्या घरातून एका रात्रीत तीन शेळ्या गेल्या तर त्या वर्षाचा आजारपणाचा किंवा लग्नाचा खर्च कर्जाच्या खात्यात जातो.

असे नुकसान झाल्यावर होते काय? पंचनामा होतो, अर्ज भरला जातो, आणि ठरलेल्या मर्यादेत बाजारभावाच्या काही हिश्शाइतकी भरपाई यथावकाश मिळते. दुसरीकडे ‘पिंजरा लावा’ ही मागणी सुरू होते. लोकांच्या संतापामागचे दुःख खरे आहे, त्यामुळे त्या मागणीला मी नावे ठेवत नाही. पण पिंजऱ्याचा अनुभव महाराष्ट्राने भरपूर घेतलेला आहे. माळशेजच्या पलीकडेच असलेल्या जुन्नर वनविभागात २००१ ते २००३ या काळात बिबटे पकडून दूर नेऊन सोडण्याची मोहीम झाली. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासानुसार, १९९३ ते २००० या वर्षांत तिथे माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते, ते मोहिमेच्या काळात सरासरी १७ वर गेले. बिबट्या हा आपला परिसर धरून राहणारा प्राणी आहे. त्याला उचलून अनोळखी ठिकाणी सोडले की तो परतीची वाट धरतो, वाटेत माणसांच्या वस्त्यांतून जातो, आणि इकडे त्याच्या मोकळ्या झालेल्या जागेवर दुसरा, बहुधा तरुण आणि बिनअनुभवी बिबट्या येऊन बसतो. भरपाई झालेल्या नुकसानीची असते आणि पिंजरा होऊन गेलेल्या हल्ल्याचा असतो. हल्ला होण्याआधी करायच्या कामासाठी पाड्यावरच्या माणसाच्या हातात आपण अजून काहीच दिलेले नाही.

राखणीच्या कुत्र्याचे काम इथे येते, आणि त्याबद्दलचा एक सार्वत्रिक गैरसमज आधी दूर केला पाहिजे. पुष्कळांच्या डोळ्यांसमोर बिबट्याशी झुंजणारा, रक्तबंबाळ होऊन कळप वाचवणारा कुत्रा उभा राहतो. प्रत्यक्षात चांगल्या राखणदार कुत्र्याच्या आयुष्यात झुंजीचे प्रसंग फार थोडे येतात. तो दिवसभर कळपासोबत हिंडतो, कळपाच्या आजूबाजूला मूत्राच्या खुणा करतो, वास आला किंवा झुडूप हलले की भुंकतो, आणि संशयास्पद गोष्ट व कळप यांच्या मध्ये जाऊन उभा राहतो. बिबट्या दबा धरून शिकार करतो; त्याची सगळी भिस्त आपण दिसणार नाही यावर असते. कुत्रा भुंकला, दुसऱ्याने साथ दिली, शेळ्या एकत्र आल्या आणि राखणाऱ्याने काठी आपटून हाळी दिली, की दबा फुकट जातो. अशा वेळी बिबट्याने माघार घेणे हेच बहुतेकदा घडते, कारण जखमी होण्याचा धोका पत्करून मिळवलेली शेळी त्याला परवडत नाही.

त्यासाठी कुत्र्याचा स्वभावही विशिष्ट लागतो. शिकारीसाठी घडवलेला कुत्रा पळणाऱ्या जनावराच्या मागे धावतो. आपल्याकडचा कारवान किंवा कर्नाटकातला मुधोळ हे त्यासाठीच नावाजलेले आहेत. मेंढ्या वळवणारे परदेशी कुत्रे रोखून बघणे, दबकत जाणे आणि पाठलाग करणे या शिकारीच्याच हालचाली माणसाच्या इशाऱ्यावर करतात. राखणदार कुत्र्यात मात्र शेळीच्या मागे धावण्याची ओढच नसावी लागते. अमेरिकेत हॅम्पशायर कॉलेजमध्ये रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर या दांपत्याने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात युरोप आणि तुर्कस्तानातून असे कुत्रे आणून त्यांचा दीर्घ अभ्यास केला. चांगल्या राखणदाराची पारख त्यांनी तीन गुणांवर केली: कळपाला इजा न करण्याइतका तो विश्वासू असावा, कळपाला सोडून न जाण्याइतके त्याचे लक्ष कळपात असावे, आणि परका प्राणी आल्यास आडवे येण्याची त्याची वृत्ती असावी. यांतला तिसरा गुण लोकांना सर्वांत मोठा वाटतो, पण पहिले दोन नसतील तर तो निरुपयोगी असतो.

तुर्कस्तानातील कंगाल, इटलीतील मारेम्मा, फ्रान्स आणि स्पेनच्या सीमेवरील पिरेनीज पर्वतातले पांढरे कुत्रे ही या परंपरेतली जगभर नाव झालेली मंडळी आहेत. नामिबियात चित्ता संवर्धनासाठी काम करणाऱ्या चीता कन्झर्वेशन फंड या संस्थेने १९९४ पासून शेतकऱ्यांना अनातोलियन जातीची पिल्ले द्यायला सुरुवात केली. तिथला हेतू शेळी वाचवण्याइतकाच चित्ता वाचवण्याचा होता, कारण नुकसान झालेला शेतकरी बंदूक उचलत असे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ७३ टक्के शेतकऱ्यांनी कुत्रा आल्यापासून नुकसान खूप घटल्याचे सांगितले. आपल्या देशातही ही विद्या नवी नाही. हिमाचलातील गद्दी आणि जम्मू-काश्मीरमधील बकरवाल मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या असे कुत्रे बाळगून आहेत. हिमालयात बिबट्या गळा धरतो हे ओळखून कुत्र्याच्या गळ्यात बाहेर काटे असलेला लोखंडी पट्टा घालतात. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने २०२५ मध्ये गद्दी कुत्र्याची देशी जात म्हणून नोंद केली, ही समाधानाची गोष्ट आहे.

म्हणून मुरबाडला गद्दी किंवा कंगाल आणावा, असे मात्र मी म्हणणार नाही. थंड हवेसाठी घडलेल्या दाट केसांच्या कुत्र्याला कोकणातला दमट उन्हाळा आणि चार महिन्यांचा पाऊस सोसत नाही, त्याच्या अंगाला गोचिडी आणि त्वचारोग जडतात, आणि त्याची भूक ज्या घरात माणसांनाच भाकरी मोजून मिळते त्या घराला पेलत नाही. शिवाय जातिवंत पिल्लाची किंमत शेळीच्या किमतीच्या कितीतरी पट असते आणि अशा बाजारात फसवणूकही चालते. अमेरिकेतील नावाहो लोक कोणत्याही नामांकित जातीशिवाय, साध्या संकरित गावठी कुत्र्यांकडून मेंढ्यांची उत्तम राखण करून घेतात, हे १९८० च्या दशकातील अभ्यासाने दाखवून दिले आहे. बोट्सवानातही स्थानिक त्स्वाना कुत्र्यांवर भर देण्यात आला आहे, कारण ते तिथल्या हवेला, रोगांना आणि अन्नाला सरावलेले आहेत. कुत्रा राखणदार होतो तो मुख्यतः तो कोणात वाढला यामुळे. आपल्या गावठी कुत्र्यात ती क्षमता आहे, आणि तिचा पुरावा दरवर्षी आपल्या दाराशी येऊन उतरतो.

दिवाळीनंतर भाताची कापणी उरकली की देशावरचे धनगर घाट उतरून ठाणे-रायगडच्या खाचरांमध्ये मेंढ्या बसवायला येतात. पनवेल, भिवंडी, कल्याणच्या बाहेर जिथे अजून मोकळी जमीन शिल्लक आहे तिथेही त्यांची बिऱ्हाडे दिसतात. मेंढ्यांच्या लेंड्या आणि मूत्राने खाचर सुपीक होते, आणि त्याचा मोबदला धान्यात किंवा रोखीत मिळतो. शहापूरच्या बाजूला धनगरांच्या अशाच एका वाड्यावर, म्हणजे तळावर, संध्याकाळी वाघूर लावण्याचे काम मी जवळून पाहिले आहे. खुंट्यांना दोरखंडाची जाळी ताणून बसवली जात होती, मेंढ्या आत घातल्या जात होत्या, आणि एक मातकट रंगाची, अंगाने बेताची कुत्री कोणी न सांगता जाळीला लागून रानाच्या बाजूला जाऊन बसली होती. तिच्या पाठीवर पुढचे पाय टेकवून एक कोकरू चढू पाहत होते. तिने मान वळवली, त्याला हुंगले आणि पुन्हा तोंड रानाकडे केले. तिचे कान मात्र एकसारखे मागेपुढे होत होते. वाड्यातल्या कारभारणीने सांगितले की हिची आईही याच वाड्यात होती, आणि कोकरांना हिसका देणारे पिल्लू ते ठेवतच नाहीत. या एका वाक्यात अनेक पिढ्यांची निवड आहे. कोणत्याही पशुवैद्यकीय पाठ्यक्रमाने दखल घ्यावी असे हे ज्ञान आहे, आणि ते ज्यांच्याकडे आहे त्यांना आपण आजवर केवळ अनुदानाचे लाभार्थी म्हणून पाहिले आहे.

पिल्लू घडवण्याची पद्धत कष्टाची आहे आणि तिच्यात घाई चालत नाही. जन्मानंतर साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू ज्यांच्या सहवासात राहते, त्यांना ते आपले मानते. म्हणून दूध सुटताच, म्हणजे सहा ते आठ आठवड्यांचे असताना, ते शेळ्यांच्या गोठ्यात राहायला गेले पाहिजे. तिथेच त्याने खावे, तिथेच झोपावे. गरीब स्वभावाच्या दोन-चार शेळ्या आणि करडे यांच्यासोबत त्याला ठेवतात, आणि मारक्या शेळीपासून पळून बसता येईल असा एक कोपराही द्यावा लागतो. मुलांनी त्याला उचलून घरात नेले, अंगणात खेळवले, की ते माणसांचे कुत्रे होते आणि दुपारी कळप सोडून घराकडे येऊ लागते. त्याला माणसाचा हात ओळखीचा असला पाहिजे, कारण पुढे लस टोचायची असते आणि पट्टा बदलायचा असतो. पण त्याचे मन गोठ्यात असले पाहिजे. सहा महिन्यांनंतर वयात येताना ते अवखळ होते, करडांच्या मागे धावते, कान चावते. इथे पुष्कळ लोक कंटाळून त्याला हाकलतात. त्याऐवजी गळ्यात लाकडाचे लोढणे अडकवून धावणे रोखायचे, लगेच दटावायचे आणि मोठ्या शेळ्यांबरोबर ठेवायचे, हा जगभर वापरला जाणारा साधा उपाय आहे. दीड ते दोन वर्षांचा झाल्यावर कुत्रा खऱ्या अर्थाने कामाला येतो. म्हणजे अनुदान देणाऱ्या यंत्रणेने पहिल्याच वर्षी फळाची अपेक्षा धरली तर योजना बुडालीच म्हणून समजावे.

सर्वांत वजनदार आक्षेप असा की बिबट्याला कुत्रा आवडतो, मग कुत्रा ठेवणे म्हणजे त्याला आमंत्रण देणे होय. हा आक्षेप वस्तुस्थितीवर आधारलेला आहे. अकोले परिसरात बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या आहाराचा जो अभ्यास झाला, त्यात वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. शेळ्या तिथे कुत्र्यांच्या कितीतरी पट असूनही त्यांचा वाटा ११ टक्के होता. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवतीही भटके कुत्रे हे बिबट्याचे मोठे खाद्य आहे. पण हे कुत्रे कोणते? उकिरड्यावर जगणारे, रात्री एकटे हिंडणारे किंवा दाराशी साखळीने बांधलेले. साखळीने बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही आणि प्रतिकारही करता येत नाही. त्याला बांधणे हे बिबट्याला भक्ष्य वाढून ठेवण्यासारखे आहे, आणि खेड्यात आजही हेच सर्रास घडते. कळपात, निदान जोडीने, माणसाच्या सोबतीने दिवसा फिरणाऱ्या आणि रात्री आडोशाला असलेल्या कुत्र्याची गोष्ट वेगळी आहे. तरीही धोका शून्य होत नाही, आणि बिबट्यांची वस्ती दाट असलेल्या ठिकाणी रात्री कुत्र्याला उघड्यावर ठेवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. अशा ठिकाणी रात्री कुत्रा गोठ्याच्या आत, शेळ्यांसोबतच असावा. भुंकून घर जागे करणे एवढेच त्याचे रात्रीचे काम. गळ्यात काट्यांचा पट्टा दिवसरात्र असावा. आपल्याकडच्या कोणत्याही लोहाराला तो करता येईल.

म्हणूनच मी सुरुवातीपासून कुत्रा आणि गोठा यांची जोडी धरली आहे. पाड्यांवर शेळ्या पुष्कळदा कारवीच्या कुडाला लागून काढलेल्या पडवीत असतात. कूड बिबट्याला अडवत नाही. एकदा तो आत शिरला आणि कोंडलेल्या शेळ्या सैरावैरा धावू लागल्या की तो एकीवर थांबत नाही. एका रात्रीत पाच-सात शेळ्या मेलेल्या सापडतात त्यामागचे कारण हे आहे. वरूनही बंद असलेली लोखंडी जाळी, कडी लागणारे दार आणि दाराशी दिवा, एवढ्याने रात्रीचे बहुतेक नुकसान टळते. रात्र गोठ्याने सांभाळावी आणि दिवस कुत्र्यांनी, अशी ही विभागणी आहे. चार शेळ्यांच्या घराला दोन कुत्रे पोसणे जड जाईल हे उघड आहे, म्हणून पाड्याने शेळ्या एकत्र चारायला न्याव्यात आणि कुत्रे पाड्याचे असावेत. गावाची गुरे एका गुराख्याने राखण्याची पद्धत या भागात अगदी अलीकडेपर्यंत होती, तेव्हा ही कल्पना लोकांना परकी वाटण्याचे कारण नाही.

आरोग्याच्या बाबतीत मात्र कसलीही सवलत देता कामा नये. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात थोड्याच दिवसांत वीसहून अधिक सिंह दगावले आणि त्या साथीत कॅनाइन डिस्टेंपर विषाणू आढळला; हा रोग कुत्र्यांत सर्वत्र आहे. बिबट्यांच्या रानात काम करणारा कुत्रा लस न टोचलेला असेल तर आपण शेळी वाचवताना बिबट्या गमावू शकतो. रेबीजची लस दरवर्षी, डिस्टेंपर आणि पार्व्होची लस वेळापत्रकानुसार, आणि दर तीन महिन्यांनी जंतनाशक, ही योजनेची अट असली पाहिजे. जंतनाशकाला एक खास कारण आहे. कापलेल्या शेळीमेंढीची कच्ची आतडी, फुप्फुसे किंवा डोके कुत्र्याने खाल्ले की त्याच्या पोटात पट्टकृमी वाढतात, त्यांची अंडी चाऱ्यावर पडतात, आणि ती पोटात गेलेल्या मेंढीच्या मेंदूत पाण्याची गाठ होऊन ती एकाच जागी गोल फिरू लागते. पट्टकृमीच्या आणखी एका जातीमुळे माणसाच्या यकृतात आणि फुप्फुसातही गाठी होतात. कच्ची आतडी कुत्र्याला घालायची नाहीत, हे पाड्यावर कोणीतरी घरोघर जाऊन समजावले पाहिजे. कुत्र्यांची नसबंदीही व्हावी, कारण माजावर आलेल्या कुत्रीमागे गेलेला कुत्रा आठवडाभर कळपाकडे फिरकत नाही. निवडक चांगल्या माद्या तेवढ्या पैदाशीसाठी ठेवाव्यात.

वन्यजीव अभ्यासकांची आणखी एक काळजी मला रास्त वाटते. मोकाट कुत्रे भेकरांचा, सशांचा आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचा नाश करतात, आणि आपल्या जंगलांच्या कडेला हा प्रश्न गंभीर झाला आहे. राखणीच्या नावाखाली त्यात भर पडता कामा नये. कळपाला बांधलेला कुत्रा रानात भटकत नाही हे खरे असले, तरी प्रत्येक कुत्र्याची नोंद, गळ्यातला ओळखपट्टा आणि जबाबदार पाड्याचे नाव असलेच पाहिजे. राष्ट्रीय उद्यानात चराईला मुळातच मनाई आहे आणि ती तशीच राहावी. उरलेल्या रानात, वन हक्क कायदा २००६ ने ज्यांना चराईचे हक्क मान्य केले आहेत त्या कुटुंबांसाठी आणि हंगामी येणाऱ्या मेंढपाळांसाठी हा विचार आहे.

ठाणे आणि नवी मुंबईतल्या नागरिकांचा याच्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. येऊरला पहाटे फिरायला जाणारे, खारघरच्या टेकड्यांवर आणि माळशेज-नाणेघाटाकडे शनिवार-रविवारी जाणारे हजारो लोक याच कुत्र्यांच्या वाटेवर येतात. फ्रान्सच्या आल्प्समध्ये लांडगे परतल्यानंतर मेंढपाळांनी पुन्हा राखणदार कुत्रे ठेवले, तेव्हा डोंगरवाटांवर फिरणाऱ्यांना चावे बसल्याच्या तक्रारी वाढल्या. त्यावर वाटांच्या तोंडाशी फलक लावून, कळपाला वळसा घालून जाण्याचे, सायकलवरून उतरून चालण्याचे आणि कुत्र्याला हात न लावण्याचे शिक्षण लोकांना देण्यात येऊ लागले. आपल्याकडेही तेच करावे लागेल. राखणीच्या कुत्र्याला बिस्किटे घालणारा प्रेमळ माणूस त्याचे नुकसान करतो, कारण त्यामुळे तो कळप सोडून पर्यटकांच्या मागे लागतो. शहराची दुसरी जबाबदारी कचऱ्याची आहे. उपाहारगृहांचे आणि गृहसंकुलांचे खरकटे जंगलाच्या कडेला पडते, त्यावर भटक्या कुत्र्यांचे थवे पोसले जातात, त्यांच्यासाठी बिबट्या खाली येतो, आणि तेच थवे गावाबाहेर चरणाऱ्या शेळ्यांवरही तुटून पडतात. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण हे स्थानिक स्वराज्य संस्थांचे काम आहे. ते शहरात नीट झाले नाही तर त्याची किंमत मुरबाडची शेळी चुकवते.

खर्चाचे गणित अवघड नाही. गावठी पिल्लू जवळजवळ फुकट मिळते. पैसा लागतो तो लसींना, जंतनाशकाला, नसबंदीला, पट्ट्याला, पहिल्या दोन वर्षांच्या खाण्याला आणि सर्वांत जास्त गोठ्याच्या जाळीला. हा खर्च जिल्हा वार्षिक योजनेतून, किंवा ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून सहज उभा राहू शकतो. काम मात्र एका खात्याचे नाही. शेळी पशुसंवर्धन विभागाची आणि बिबट्या वन विभागाचा, अशी वाटणी असल्यामुळे मध्ये उभा असलेला कुत्रा कोणाचाच नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी दोन्ही खात्यांना एका बैठकीत बसवून शहापूर आणि मुरबाडमधील मोजक्या पाड्यांवर ही योजना आधी राबवावी, परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाने आरोग्याची आणि नोंदींची बाजू सांभाळावी, आणि पिल्लांची निवड व संगोपन शिकवण्यासाठी धनगर वाड्यांतील जाणत्या स्त्री-पुरुषांना मानधन देऊन बोलवावे. राखण करताना मेलेल्या कुत्र्याचीही भरपाई मिळावी, कारण दोन वर्षे घडवलेला कुत्रा हे त्या पाड्याचे भांडवल असते.

वेळापत्रक निसर्गानेच सोयीचे करून ठेवले आहे. आपल्याकडच्या गावठी कुत्र्या बहुधा पावसाळ्याच्या अखेरीस माजावर येतात आणि त्यांची पिल्ले हिवाळ्यात जन्मतात. नेमक्या त्याच दिवसांत धनगरांचे वाडे, कामात असलेल्या माद्यांसह, ठाण्याच्या खाचरांमध्ये उतरलेले असतात. डिसेंबर-जानेवारीत पिल्ले निवडून पाड्यांवर पोहोचवली, तर वाडे पावसापूर्वी घाट चढून जाईपर्यंत जाणत्यांना दोन-तीनदा येऊन ती कशी वाढत आहेत ते पाहता येईल आणि हिसका देणारी बदलता येतील. पिल्ले कामाला येईपर्यंत मधे दोन पावसाळे जातील, म्हणून गोठ्यांच्या जाळ्या पिल्ले येण्याआधीच बसल्या पाहिजेत.